वह्यांचा गठ्ठा

स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आला तेव्हा समितीने विषय पण देऊन टाकला होता, मानसशास्त्रज्ञ, लेखिका आणि आपत्तीत काम करणारी स्वयंसेविका म्हणून तुमचा प्रवास. तीन दिवस नुसतं लिहून खोडत होते. मला ही तीन कामं कधी वेगळी वाटलीच नाहीत, आणि तिन्हीची सुरुवात आठवीतल्या एका दुपारी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेबाहेरच्या पायऱ्यांवर झाली, म्हणून तेच आधी लिहिते.

आठवीत असताना माझे बाबा अचानक गेले. पंधरा दिवसांनी शाळेत आले तर सगळा वर्ग एकदम गप्प, मैत्रिणी पण नजर चुकवायला लागल्या, त्यांचा दोष नाही, त्या वयात कोणाला कळतं काय बोलायचं ते. मधल्या सुट्टीनंतर मराठीच्या बाईंनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं आता विचारणार, कसे गेले, काय झालं, तेव्हा भेटेल तो हेच विचारायचा आणि मी पाठ केल्यासारखं सांगायचे. बाईंनी माझ्या मांडीवर निबंधाच्या वह्यांचा अर्धा गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, "रोल नंबरप्रमाणे लाव." अख्खा तास त्या वह्या तपासत होत्या आणि मी लावत होते. मधेच मी रडले, त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि परत वही तपासायला घेतली, उठून गेल्या नाहीत. शेवटी दोनच गोष्टी विचारल्या, झोप लागते का, आणि दुपारी आई घरी एकटी असते का. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फी माफीचा फॉर्म आला, अर्धा भरलेला, आईने फक्त सही करायची होती.

पुढे मानसशास्त्रात एमए केलं, मग क्लिनिकलचं ट्रेनिंग, मग कॉलेजात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक मात्र इथे लिहिते कारण ग्रुपवर नेहमी विचारतात, मी औषधं देत नाही, तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा विषय, गरज वाटली तर मीच त्यांच्याकडे पाठवते.

२६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली आणि जानेवारीत मी एका गटाबरोबर तमिळनाडूत नागपट्टिणमला गेले, तिशीची होते, आपण शिकलोय तर आपण गेलंच पाहिजे असं वाटत होतं. आमच्या गटाची पद्धत डीब्रीफिंगची होती, म्हणजे लोकांना गोलात बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते प्रत्येकाकडून बोलून घ्यायचं. ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मधे मांडली होती ती अग्निशमन दलाच्या, अ‍ॅम्ब्युलन्सच्या लोकांसाठी, पण तोपर्यंत ती कुठेही वापरली जायची. माझ्या समोर माझ्या आईच्या वयाची एक बाई होती, मी दुभाष्यामार्फत विचारत गेले आणि ती सांगत गेली, लाट, हात सुटला, सगळं. सांगता सांगता तिचं अंग थरथरायला लागलं आणि तिने उलट मला विचारलं, माझी बहीण कुठल्या कॅम्पात आहे ते कळेल का. मला माहीत नव्हतं, आमच्यापैकी कोणालाच नव्हतं. तिला फक्त तेवढंच हवं होतं आणि मी तिला ती लाट परत एकदा दाखवून आले, याचं मला आजही वाईट वाटतं.

परत आल्यावर वाचायला लागले. जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास आहे, भाजलेल्या रुग्णांवरचा, १३ महिन्यांनी पाहिलं तर ज्यांचं डीब्रीफिंग केलं त्यांच्यात २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता, म्हणजे धक्क्यानंतर बराच काळ राहणारा मानसिक त्रास, ज्यांचं केलं नाही त्यांच्यात ९ टक्के. डीब्रीफिंगच्या गटात मुळातच भाजण्याचं प्रमाण जास्त होतं हे संशोधकांनीच सांगितलंय, त्यामुळे सगळा दोष त्या पद्धतीचा असं नाही म्हणता येणार, पण नंतरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तरी अशा एका बैठकीचा फायदा काही दिसला नाही. मग २०११ मधे जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आली. त्यात तीन शब्द आहेत, पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का ते पाहायचं, तो बोलला तर ऐकायचं, बोलायची जबरदस्ती करायची नाही, आणि त्याला जे लागतंय, घरचे लोक, माहिती, मदत, त्याच्याशी त्याला जोडून द्यायचं. ते पान वाचताना मला पायऱ्या आठवल्या, पाण्याची बाटली आठवली, तो अर्धा भरलेला फॉर्म आठवला, आणि मी रडले अगदी.

नेपाळला भूकंप झाला तो २५ एप्रिल २०१५ ला, दुपारी बाराच्या जरा आधी, ७.८ चा. शनिवार होता, तिकडे शनिवारी शाळांना सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या आणि त्या सगळ्या रिकाम्या होत्या, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. ३१ मे ला शाळा परत सुरू झाल्या तेव्हा कितीतरी ठिकाणी वर्ग म्हणजे बांबू आणि ताडपत्री. जूनमधे मी सिंधुपाल्चोकला अशाच एका वर्गात मागे बसले होते. शिक्षक हजेरी घेत होते. एका नावाला उत्तर आलं नाही. ते थांबले, सगळा वर्ग थांबला, मग त्यांनी पुढचं नाव घेतलं. वर्ग सुटल्यावर त्यांनी त्या मुलाच्या शेजारच्या घरातल्या दोघांना थांबवून घेतलं, त्यांच्याशी हळू आवाजात बोलले, आणि मग स्वतः वाट धरून त्याच्या घराकडे चालत गेले. धक्के तेव्हाही चालूच होते. मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती, त्यांना मी काय शिकवणार.

लेखनाबद्दल पण बाईंचंच सांगते. नववीत मी पुरावर निबंध लिहिला होता, भरपूर अलंकार वगैरे घालून, खाली लाल शाईत शेरा, "हे तू पाहिलंस का?" बस एवढंच. माझी पुस्तकं दोनच, एक स्वयंसेवकांसाठी आणि एक शोकाबद्दल, आणि दोन्ही लिहिताना प्रत्येक पानावर तो शेरा दिसत होता. सल्ला घ्यायला आलेल्या माणसांच्या गोष्टी मी लिहीत नाही, नावं बदलून पण नाही, प्रकाशकांनी आग्रह केला होता तरी नाही. लिहिण्याने काय होऊ शकतं यासाठी मला कायम आंरी द्युनां आठवतो. तो डॉक्टर नव्हता, सैनिक नव्हता, धंद्याच्या कामाने निघालेला माणूस, १८५९ मधे इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि शेजारच्या गावात जखमींचे ढीग पाहून तिथेच राहिला, गावातल्या बायकांबरोबर पाणी देत, पट्ट्या बांधत. १८६२ मधे त्याने पाहिलं ते लिहिलं, स्वतःच्या खर्चाने छापलं, आणि दुसऱ्याच वर्षी रेड क्रॉसची सुरुवात झाली. त्याने पाहिलं होतं. बाईंनी त्याच्या वहीत तो शेरा मारला नसता.

मागच्या वर्षी बाईंना भेटले. आता ब्याऐंशीच्या आहेत. पायऱ्यांची गोष्ट सांगितली तर त्यांना ती आठवतच नव्हती, म्हणाल्या, "अगं मी वर्गातल्या कितीतरी पोरांना वह्या लावायला बसवायचे." मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?"

कार्यक्रमाला त्या येणार आहेत असं कळलंय. डाव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही, तेव्हा भेटायला जाल तर उजव्या बाजूला बसा, आणि घाई करू नका, त्या बोलताना मधे मधे थांबतात.