लॅक्सटनला काय ठेवलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आजवर हसून वेळ मारून नेली. इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहून मी दर नोव्हेंबरअखेर लॅक्सटन नावाच्या खेड्याच्या चिखलात काय तुडवायला जातो? किल्ल्याचं म्हणाल तर गवताचं टेकाड उरलंय. ‘गोऱ्यांचं कौतुक’ म्हणाल, तर म्हणा.

मी वावरं बघायला जातो. साउथ, वेस्ट आणि मिल फील्ड. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या, मधे ना कुंपण ना बांध. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. १६३५ च्या नकाशातल्या पट्ट्या पुढे एकत्र होऊन कमी झाल्या, पण वहिवाट तीच. गव्हाची पेरणी झाली की शेतकऱ्यांचीच ज्यूरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून हद्द बघायला येते. कुणी गवताच्या सामाईक पट्ट्यात नांगर घातला असेल तर तिथे खुंटी ठोकते. आठवड्याने पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावाचं जुन्या वहिवाटीचं न्यायालय, बसतं. दंड चार-दोन पौंडांचा, पण गावादेखत.

ती खुंटी मी पहिल्यांदा बघितली आणि मला घाम फुटला.

आमच्याकडे अण्णा आणि चुलते दीड हात बांधावरून बोलायचे बंद झाले होते. बांध चुलत्यांनी कोरला, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. मोजणी झाली, हद्दीचा दगड बसला. चौथ्या रात्री अण्णांनी मला उठवलं. पहार त्यांच्या हातात, बॅटरी माझ्या. दगड निघता निघेना. ‘उजेड नीट धर,’ एवढंच ते बोलले. मी धरला. एकोणीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. चुलते वारले तेव्हा अण्णा मातीला गेले नाहीत. मीही गेलो नाही.

पूर्वी मी तावातावाने सांगायचो की आपल्याकडे अशी खुंटी असती तर भाऊबंदकी मिटली असती. आता तसं छातीठोक सांगवत नाही. तिथले शेतकरी कुळं आहेत, जमीन इस्टेटीची. २०२० मध्ये क्राउन इस्टेटने, म्हणजे राजघराण्याच्या नावच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेने, गाव थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीला विकलं. बापाची जमीन नसली की चार पौंड हसत भरता येत असतील. आणि इतर गावांत अशा पट्ट्या एकत्र करून त्यांना कुंपणं घातली गेली तेव्हा हे वाचलं, तेही दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमलं नाही म्हणून. म्हणजे इथेही भांडणच.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. चुलतभाऊ पुन्हा मोजणी लावतोय. अण्णा गेले, दगड मुळात कुठे होता हे माहीत असलेला मी एकटाच. ‘बघू’ म्हटलं आणि फोन ठेवला.