तुतुरुआतु आणि एक उंदीर

शोअर प्लवरबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. माओरी भाषेत याला तुतुरुआतु म्हणतात. चिखल्यांच्या कुळातला एवढासा पक्षी, नराचा चेहरा काळाकुळकुळीत, चोच नारिंगी पण टोकाला काळी, आणि डोळ्यांच्या वरून डोक्याभोवती फिरलेली पांढरी पट्टी, इतका देखणा की बघतच राहावं. पूर्वी न्यूझीलंडच्या मुख्य बेटांच्या किनाऱ्यांवर असायचा, मग जहाजांतून उंदीर आले, मांजरं आली आणि एकोणिसाव्या शतकातच तिथून साफ संपला. उरला तो फक्त न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या चॅटम बेटांमधल्या रांगातिरावर, जेमतेम 218 हेक्टरचं बेट, पण तिथे ना उंदीर पोचला ना मांजर, म्हणून वाचला.

याचं घरटं मला फार विचार करायला लावतं. बाकीचे बहुतेक चिखले उघड्या जमिनीवर अंडी घालतात, हा मात्र दगडाखाली नाहीतर दाट झुडपात आत लपवून घालतो. रांगातिरावर स्कुआ नावाचे शिकारी समुद्रपक्षी आहेत, वरून झडप घालणारे, त्यांच्यापासून लपायला ही जागा एकदम बरोबर. पण उंदीर वास काढत जमिनीवरून येतो, तो थेट आतच शिरणार, आणि अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला पळायला जागा कुठे?

1970 च्या दशकात काही पक्षी जवळच्या मांगेरे बेटावर नेऊन सोडले तर ते सरळ उडून रांगातिराला परत आले! मग 1990 च्या दशकात अंडी आणून बंदिवासात पिल्लं वाढवायला सुरुवात झाली आणि ती उंदीर नसलेल्या बेटांवर सोडू लागले. वेलिंग्टनजवळच्या माना बेटावर 2007 पासून चांगला जम बसत होता, आणि 2011 मध्ये तिथे एक उंदीर पोचला. एकच. तो पकडला जाईपर्यंत काही पक्षी मेले, बरेचसे बेट सोडून गेले, आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. वाचून पोटात गोळा आला माझ्या.

म्हणून मला वाटतं, पिल्लं वाढवणं जितकं महत्त्वाचं तितकंच बेटावर उतरणारी प्रत्येक बोट, प्रत्येक बॅग, खाण्याचा प्रत्येक खोका तपासणं महत्त्वाचं, भले त्यात तास गेले तरी चालतील. रांगातिरावर तर परवानगीशिवाय पाऊलही ठेवता येत नाही आणि ते अगदी योग्यच आहे, कितीही इच्छा असली तरी मी तिथे जाऊ नये हेच बरं.