सहाव्या रांगेवरचा हत्ती

जर्मनीत बुद्धिबळातल्या उंटाला 'लॉयफर' म्हणतात, म्हणजे धावणारा. हत्ती इथे 'टुर्म', म्हणजे बुरूज. वजीर तर चक्क बाई आहे! स्पर्धेआधी हे सगळे शब्द मी घोकून ठेवले होते. तोंडातून निघाला तो वेगळाच: 'रेमी', म्हणजे बरोबरी.

डाव जलद प्रकारातला. दोघांना 15-15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंदांची भर. चाली लिहून ठेवायची सक्ती नाही, त्यामुळे डोळे फक्त पट आणि घड्याळ यांच्यावर. समोर पिकल्या केसांचे एक काका. मधला डाव झपाट्याने उरकला आणि शेवटी दोघांकडे एकेक हत्ती राहिला, त्यांच्याकडे वर एक प्यादं. मी 'रेमी?' विचारलं. त्यांनी हसून नकारार्थी मान हलवली.

बरोबरीचा रस्ता मला पाठ होता. फिलिडोरचा बचाव! आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा आणि हत्ती त्यांच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या रांगेवर रोवायचा, म्हणजे त्यांच्या राजाला पुढे येताच येत नाही. प्यादं सहाव्या रांगेत ढकललं गेलं, की मगच हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. आता त्यांच्या राजाला प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो.

'मगच' हा शब्द महत्त्वाचा. घड्याळात 7 सेकंद दिसले आणि मी प्यादं पाचव्यावर असतानाच हत्ती उचलला. त्यांचा राजा माझ्या राजासमोर येऊन ठाकला, मातेची धमकी उभी राहिली. तिथूनही वाचता येतं, पण मी राजा चुकीच्या बाजूला सरकवला. संपलं.

2025च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत जॉर्जियातल्या बाटुमीत अशाच जलद डावांवर सुटली होती. 2019 आणि 2024 ची जलद विश्वविजेती कोनेरू हंपी तेव्हा वेळेच्या ताणात चुकली आणि दिव्या देशमुख जिंकली. घड्याळ कोणालाही सोडत नाही, हे तेव्हा पाहिलं होतं. तरी हात थरथरत होते माझे.

काका उठले नाहीत. त्यांनी मोहरी पुन्हा मांडली, माझा हत्ती सहाव्या रांगेवर ठेवला आणि बोटाने मला खेळायची खूण केली. त्यांनी राजा इकडून आणून पाहिला, तिकडून आणून पाहिला. शेवटी प्यादं ढकललं. मी हत्ती खाली नेला. शह. पुन्हा शह. पुन्हा शह.

'रेमी,' ते म्हणाले आणि हात पुढे केला.