तुम्ही विचारलंत म्हणून: वरूनच रंग का देत नाही?

परभणीत माझ्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा टेबलावरच्या रंग उतरवलेल्या, राखाडी दिसणाऱ्या गाड्या पाहतो आणि एकच प्रश्न विचारतो: "एवढ्याशा खेळण्यातल्या गाडीचा जुना रंग काढत बसण्यापेक्षा वरूनच एक हात का मारत नाही?" आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता मात्र नीट उत्तर द्यायचे ठरवले आहे, कारण माझे हसणे बऱ्याच जणांना संमतीसारखे वाटू लागले आहे.

तांत्रिक उत्तर सोपे आहे. ब्रशने दिलेला ऑइलपेंटचा थर सहज एक दशांश मिलिमीटर भरतो. १:४३ प्रमाणाच्या गाडीवर तो खऱ्या गाडीच्या हिशेबाने चार मिलिमीटरांहून जाड होतो. मग दरवाज्याची रेघ बुजते, जाळीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आणि जुन्या टवक्यांच्या कडा नव्या रंगाखालूनही दिसत राहतात. त्यातही लॅकर, म्हणजे थिनरवर झटपट सुकणारा रंग, जुन्या ऑइलपेंटवर मारला तर खालचा थर फुगून सुरकुततो. शिवाय या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात; दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतकामात शिसे मिसळले गेले असेल, तर धातू आतूनच भेगाळत जातो, आणि रंगाखाली काय चालले आहे हे रंग उतरवल्याशिवाय कळत नाही. वाळूजच्या एका डाय-कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबून सुटे भाग ओतणाऱ्या) कारखान्यात मी सव्वीस वर्षे तपासणी विभागात काढली, त्यामुळे ही वाक्ये मला झोपेतही म्हणता येतात. ती खरी आहेत. पण ती म्हणताना मी काहीतरी झाकत असतो, हेही तितकेच खरे आहे.

वडिलांनी १९५५ च्या सुमारास हैदराबादेत आबिड्सवरून डिंकी या ब्रिटिश कंपनीचा एक खेळण्यातला ट्रक आणला होता. बेडफर्डचा टिपर, लाल केबिन आणि क्रीम रंगाची ट्रॉली, मागे एक बारीक हँडल. ते फिरवले की ट्रॉली उचलली जात असे. मीटरगेजच्या गाडीतून तो परभणीला आला तो अक्कासाठी, कारण माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. माझ्या हातात येईपर्यंत त्याचे टवके उडाले होते, आणि वडिलांनी दरवाजे-खिडक्यांना दिलेल्या निळ्या ऑइलपेंटमधला उरलेला रंग त्यावर चढवला होता. ट्रक निळा झाला आणि हँडल कायमचे अडकले.

नोकरी संपल्यावर मी पहिल्यांदा हाती घेतला तो हाच ट्रक. हँडल फिरायला हवे, एवढाच तेव्हाचा माझा युक्तिवाद होता, आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही. चुकली ती पद्धत. तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून पत्रा वेगळा केला, टायर उतरवले, आणि प्लॅस्टिकच्या टोपल्यात कास्टिक सोड्याचे कडक पाणी करून केबिन आणि ट्रॉली त्यात सोडली. जस्त आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. या मिश्रधातूतल्या चारेक टक्के अॅल्युमिनियमचे तर कास्टिकशी उघड वैर. हे मी कारखान्यात नव्या मुलांना शिकवत असे. ते तुकडे दर दहा मिनिटांनी बाहेर काढून पाहायचे, रंग सैल झाला की थांबायचे, हेही मला ठाऊक होते. पण महिना मे होता, घरातली माणसे गंगाखेडच्या लग्नाला निघाली होती आणि बाहेर जीप उभी होती. "तासाभरात येतो," असे मी स्वतःलाच सांगितले. गंगाखेडहून तासाभरात कोणी परत येते का?

परतलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर तापलेल्या पाण्यातून अजून बारीक बुडबुडे येत होते, म्हणजे हायड्रोजन निघत होता, म्हणजे धातू जात होता. रंग संपूर्ण उतरला होता, निळाही आणि त्याखालचा लालही. केबिन काळपट आणि खरखरीत झाली होती, चाकांवरची कमान एका बाजूला कागदासारखी पातळ होती, आणि ज्या हँडलसाठी हा सारा खटाटोप होता त्याचे आटे झिजून गेले होते. मी ते तुकडे धुतले आणि कोणाला काही न सांगता झोपलो.

दिवाळीला अक्का आली. तिने केबिन हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारले, "बाबांचा निळा कुठं गेला रे?"

मी तिला सांगितले की मूळ रंग निळा नव्हताच, ट्रक लिव्हरपूलच्या कारखान्यातून लाल आणि क्रीम निघाला होता, निळा नंतरचा. ती म्हणाली, "लाल मी पाहिलाय. तू नाहीस." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. खाल्लेल्या धातूबद्दल मी चारचौघांत हळहळतो, कारण ती चूक कारागिराची आहे आणि कबूल करायला सोपी आहे. निळ्या रंगाचा एक फोटोसुद्धा मी काढला नव्हता, हे मी सहसा सांगत नाही.

तेव्हापासून कास्टिक बंद केले. जेलसारखा पेंट रिमूव्हर वापरतो, तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, कारण त्यातले मेथिलीन क्लोराइड चाळीस अंशांच्या आसपास उकळते आणि आमच्याकडचा मे महिना त्याहून तापतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि बंद खोलीत जीव घेऊ शकते, म्हणून काम अंगणात, हातमोजे घालून. आधी चारही बाजूंनी फोटो, मग पाच-दहा मिनिटे रिमूव्हर, जुना टूथब्रश, पाणी, आणि उघडे जस्त काळवंडायच्या आत त्याच दिवशी प्रायमर. तळाच्या आतल्या बाजूला रंग बदलल्याचे साल लिहितो, म्हणजे पुढे कोणी ती गाडी मूळ रंगाची म्हणून विकू नये. संग्राहकांच्या बाजारात टवके उडालेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा महाग असतो. मीही, लोक माझ्याकडे रंगवायला देतात त्यांपैकी ज्यांचा मूळ रंग निम्म्याहून शिल्लक आहे अशा गाड्या परत पाठवतो. कित्येकांना हा माझा आळस वाटतो.

मग वडिलांच्या निळ्या रंगाचे काय करायला हवे होते? काढला नसता तर हँडल अडकलेलेच राहिले असते. तो ट्रक आज कोणी दुसऱ्याचा म्हणून माझ्याकडे आणला, तर मी बहुधा पुन्हा रंग उतरवीन, फक्त सावकाश. अक्काला हे मान्य नाही.

बेडफर्ड गेली पाच वर्षे प्रायमरमध्येच आहे. लाल-क्रीमचे डबे आणून ठेवले आहेत. तळाचा पत्रा कास्टिकमध्ये गेला नव्हता, त्याच्या कडेला निळ्याचा एक ओघळ शिल्लक आहे. त्यावरून रंग जुळवून घे, असे अक्का दर दिवाळीला सांगते. मी म्हणतो, साठ वर्षांत तो ओघळ पिवळटला असणार, त्याचा भरवसा नाही. ती पत्रा उजेडात धरते आणि म्हणते, हाच होता.