मेलबर्नचा कॉमेडी फेस्टिव्हल: कॅमेरा येण्याआधीचा तास

ऑस्ट्रेलियन स्टँड-अपची ओळख आपल्यातल्या बहुतेकांना पडद्यावरच झाली. हॅना गॅड्सबीचं ‘नॅनेट’ २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलं. मग २०२० मध्ये ॲमेझॉन प्राइमवर ज्युडिथ लूसी, सेलिया पाकोला, डिलरुक जयसिन्हा, टॉम ग्लीसन अशा दहा जणांचे कार्यक्रम ओळीने आले. मीही त्याच वाटेने इथवर पोचले. पण पडद्यावर दिसतो तो तास, म्हणजे तासाभराचा खेळ, स्टुडिओत लिहिलेला नसतो. ‘नॅनेट’ने मेलबर्नच्या फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार २०१७ मध्येच मिळवला होता, सिडनी ऑपेरा हाउसमधलं त्याचं चित्रीकरण आपण पाहिलं ते पुढच्या वर्षी. आधी रोज रात्री लोकांसमोर घासून घ्यायचं आणि मग कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, अशी तिथली रीत आहे. तो घासण्याचा भाग बघायला मी मेलबर्नला गेले.

मेलबर्न इंटरनॅशनल कॉमेडी फेस्टिव्हल १९८७ मध्ये सुरू झाला. मार्चअखेरीपासून साधारण साडेतीन आठवडे चालतो. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा, म्हणजे सबक्लास ६००, ऑनलाइन काढता येतो. अर्ज लवकर करा, कारण तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीपासूनच विकली जायला लागतात आणि नावाजलेल्यांचे शनिवार आधी संपतात. एप्रिल म्हणजे तिथला शरद. दुपारी ऊन आणि रात्री साडेदहाला बाहेर पडताना बोचरा वारा, तेव्हा जाकीट हातात हवंच. एक गोष्ट हमखास विसरली जाते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं तासभर मागे जातात. घरी फोन करायचा हिशोबही साडेपाच तासांवरून साडेचार तासांवर येतो.

फेस्टिव्हलचं केंद्र म्हणजे स्वॉन्स्टन आणि कॉलिन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा टाउन हॉल. १८७० मध्ये पूर्ण झालेली ही दगडी इमारत एरवी महापालिकेची. फेस्टिव्हलात तिची खोली न् खोली रंगमंच होते. पावडर रूम, क्लोक रूम, लंच रूम, अगदी नगरसेवक बसतात ते कौन्सिल चेंबरसुद्धा. बहुतेक ठिकाणी आसनक्रमांक नसतो. जिन्यावर रांग लागते, आधीचा खेळ सुटतो, उतरणारे हसत खाली येतात आणि चढणारे त्यांचे चेहरे न्याहाळत वर जातात. त्या रांगेत शेजारच्याला ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारा. मला सगळ्यात चांगले कार्यक्रम असेच कळले, जाहिरातींवरून एकही नाही. बाहेर फूटपाथवर तरुण कलाकार स्वतःच्याच खेळाची पत्रकं वाटत उभे असतात. त्यांना टाळून पुढे जाऊ नका. ज्याने आपल्या हाताने पत्रक दिलं, त्यालाच तासाभराने जेमतेम पन्नास खुर्च्यांच्या खोलीत जीव तोडून काम करताना बघणं, यासाठी एवढा प्रवास करावा असं मला मनापासून वाटतं.

अशाच एका खोलीत मी एकीचा प्रयोग बघितला. आईच्या आजारपणावरचा एक मोठा भाग होता. त्यात एक वाक्य पडलं, कुणी हसलं नाही. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि तेच वाक्य शेवटचा शब्द आधी आणून पुन्हा म्हणाली. खोली हशाने दणाणली. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम पुन्हा तिकीट काढलं, तर तो शब्द आता पहिल्यापासून पुढे आलेला होता आणि पाण्याचा घोटही नेमका त्याच जागी कायम झाला होता. टीव्हीवर हे वाक्य येईल तेव्हा ते सहज सुचल्यासारखं वाटेल. तुमच्याकडे वेळ असेल तर माझं ऐका: दहा वेगळे कार्यक्रम बघण्यापेक्षा एखादा आवडलेला खेळ फेस्टिव्हलच्या सुरुवातीला आणि शेवटाला, असा दोनदा बघा. सुरुवातीच्या प्रिव्ह्यू प्रयोगांची तिकिटं स्वस्तही असतात. मंगळवारी बऱ्याच खेळांना सवलत असते, सोमवारी पुष्कळांची सुट्टी. बहुतेक प्रयोग तासाभराचे, त्यामुळे एका संध्याकाळी दोन आरामात होतात. तिसरा घेऊ नका, कान थकतात.

टीव्हीचं रेकॉर्डिंग बघायचं तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ‘गाला’. ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेच्या मदतीसाठी होणारा हा कार्यक्रम फेस्टिव्हलच्या तोंडावर होतो आणि तो टीव्हीसाठी चित्रित करतात. मी तो सेंट किल्डाच्या पॅले थिएटरमध्ये पाहिला. १९२७ चं, जवळपास तीन हजार आसनांचं जुनं थिएटर, लूना पार्कला लागूनच. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, पण सेंट किल्डा त्या हद्दीबाहेर. ९६ किंवा १६ नंबरच्या ट्रामने जाताना मायकी या प्रवासाच्या कार्डात पैसे ठेवा.

इथे प्रत्येकाला मोजून चार-पाच मिनिटं मिळतात. सुरू होण्याआधी फ्लोअर मॅनेजर येऊन टाळ्यांचा सराव करून घेतो, फोन बंद करायला सांगतो आणि मधे उठून जाऊ नका असं बजावतो. प्रेक्षकांचे चेहरे टिपता यावेत म्हणून दिवे पूर्ण मालवत नाहीत, हसण्यासाठी वेगळे माइक लावलेले असतात. एका कलाकाराची पंचलाइन अडखळली तर त्याला ती परत म्हणायला लावली आणि आम्ही परत हसलो. ते दुसरं हसूही खोटं नव्हतं. तीन हजार माणसं त्याच्या बाजूने उभी राहिली, असा तो आवाज होता. तिकीट काढताना कॅमेऱ्याच्या क्रेनमागची जागा टाळा. पहिल्या दोन रांगांत बसलात तर पडद्यावर दिसाल हे धरून चला, आणि मोठी अक्षरं छापलेले टी-शर्ट हॉटेलवरच ठेवा.

पण ‘गाला’वरून या कलाकारांची पारख करू नका, हे मी ठासून सांगेन. पाच मिनिटांत हशे बसतात, तासाची बांधणी नाही. ॲमेझॉनसाठी ते दहा कार्यक्रम साउथबँकच्या माल्टहाउस थिएटरमध्ये चित्रित केले, तेव्हा फेस्टिव्हलमधले तास जवळपास जसेच्या तसे टिपले गेले, म्हणून ते मोलाचे आहेत. तरी त्यातही काही हातचं सुटतं. लॅनो आणि वुडली या जोडीचा राइट बंधूंवरचा खेळ बघा. एक बोलत असतो आणि खरा हशा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. सभागृहात कुणाकडे बघायचं ते आपण ठरवतो, पडद्यावर ते संकलक ठरवतो. ज्युडिथ लूसी शब्द ओढून ओढून बोलते, त्यातल्या थांब्यांनाही प्रत्यक्षातच पूर्ण वजन येतं.

उच्चारांची धास्ती अनेकांना असते. पहिली पंधरा मिनिटं जड जातात, मग कान बसतो. काही प्रयोगांना सबटायटल्सची सोय असते, ती तारीख कार्यक्रमपत्रिकेत बघून निवडा. फूटबॉलचे क्लब, सक्तीचं मतदान आणि मेलबर्न-सिडनीची चुरस, एवढं आधी वाचून गेलात तरी निम्मे संदर्भ लागतात. पुढे बसलात तर ‘कुठून आलात?’ हा प्रश्न येणारच. ‘पुण्याहून’ असं सरळ सांगा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. दोन वाक्यांत ते त्याचं काहीतरी करून दाखवतात.

राहायला शहराच्या मध्यभागी परवडलं तर उत्तम. नातेवाइकांकडे वेरिबी, पॉइंट कुक अशा उपनगरांत उतरणार असाल तर उशिराचे प्रयोग शुक्रवार-शनिवारी ठेवा, त्या रात्री लोकल रात्रभर असतात. आणि एखादी संध्याकाळ ‘रॉ कॉमेडी’च्या अंतिम फेरीसाठी राखा. ही होतकरूंची देशव्यापी स्पर्धा आहे. २००५ मध्ये जॉश थॉमस आणि २००६ मध्ये हॅना गॅड्सबी हीच स्पर्धा जिंकून पुढे आले. तिथे प्रत्येकाला काही मिनिटंच मिळतात, पण त्यातल्या कुणाचा तास काही वर्षांनी टीव्हीवर येईल हे ओळखायचा प्रयत्न करायला फार मजा येते. मी दोन नावं वहीत लिहून ठेवली आहेत.