मोले, तांबडी सुर्ला आणि गवा
सुट्टी म्हटली की सगळे बीचवर, आम्ही मात्र आज आई-बाबा, पोरं सगळ्यांना गाडीत भरून फोंड्यावरून सरळ मोलेला. अभयारण्य आणि नॅशनल पार्क मिळून साधारण 240 चौरस किमी जंगल आहे हो आपल्या एवढ्याशा गोव्यात!

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, काळ्या बेसॉल्टचं, बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजतंय आणि आत पाऊल टाकलं की थंडगार, बाबा तर खांबांवरचं कोरीवकाम सोडून हलायलाच तयार नव्हते. येताना रस्त्याकडेला गवा दिसला, आपला राज्यप्राणी, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, धाकटीने तर श्वासच रोखला. असा दिसला तर प्लीज हॉर्न मारू नका, खाली उतरू नका. पुढच्या रविवारी खोतीगाव, कोण येतंय?