तुमच्या व्हिडिओत चेहरे का नसतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला देणगीदार विचारतात, जाहिरातीतले जुने सहकारी विचारतात, आणि परवा मावशीनंही विचारला: "अगं, तुझ्या व्हिडिओत नुसते हातच दिसतात. माणसं कुठायत?"

बायकांना आणि कच्च्या कैद्यांना (खटला संपायच्या आधीच तुरुंगात असलेल्यांना) मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी पत्रकं, पोस्टर आणि व्हिडिओ करते. त्याआधी सात वर्षं जाहिरातीत होते. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात की चेहरा दाखवा, डोळे दाखवा, बघणारा थांबतो. ते खरंच आहे. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येत नाही.

कायद्याचा भाग सरळ आहे. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम 228-अ मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे. मुलांसाठी पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 आहे. नुसतं नाव गाळून भागत नाही, जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट बाहेर येता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना खटल्यात 2018 साली स्पष्ट केलं. पण आमच्याकडची बहुतेक प्रकरणं घरगुती हिंसेची, पोटगीची, जामिनाची. तिथे बाईनं स्वतः हो म्हटलं की आम्ही चेहरा दाखवत असू. अडचण त्या 'हो'चीच आहे.

माझं पहिलं वर्ष होतं. एका बाईंना आमच्या वकीलताईंनी अंतरिम पोटगीचा आदेश मिळवून दिला होता. मी व्हिडिओबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं, ताई." संमतिपत्रावर सही झाली. त्यांच्या खोलीतच चित्रण केलं, चेहरा धूसर केला, आवाज बदलला. मला वाटलं, सगळी काळजी घेतली. पण मागे दोरीवर मुलांचे दोन गणवेश वाळत होते. मरून स्कर्ट, चौकड्यांचा शर्ट. चौथ्या दिवशी नवऱ्याचा भाऊ शाळेच्या फाटकाशी उभा होता. व्हिडिओ आम्ही तासाभरात काढला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं परत येत नाही. मुलांना वर्षाच्या मध्येच शाळा बदलावी लागली. चूक माझी होती. गणवेश मी एडिटिंग करताना किमान तीस वेळा पाहिले असतील.

पण गणवेशापेक्षा मला आजही टोचतं ते "तुम्ही म्हणाल तसं". पुढची तारीख आमच्या वकिलाच्या हातात. अर्ज आमच्याकडे, कागद आमच्या कपाटात. ज्याचं काम आपल्याकडे अडलंय, तो माणूस आपल्याला नाही म्हणेल कसा? ती संमती नव्हती, भीड होती. तेव्हापासून केस चालू असताना आम्ही चेहरा मागतच नाही. आवाज घेतला तरी विचारायला वकीलताई जात नाहीत, मी जाते, आणि चित्रणानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारते. बऱ्याचदा दुसऱ्या वेळी उत्तर बदलतं.

धूसर करणंही मी सोडलं. बातम्यांमध्ये तोंडावर काळं फडकं टाकलेला आरोपी आपण इतक्यांदा पाहिलाय की धूसर चेहरा दिसला की बघणाऱ्याला गुन्हेगारच आठवतो. बाईनं काय केलंय म्हणून तिनं तसं दिसावं?

मग दाखवायचं काय? कागद धरलेले हात. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं रेशन कार्ड. कधीकधी नुसते चौकोन. कच्च्या कैद्यांच्या नातेवाइकांसाठी केलेल्या व्हिडिओत 36 चौकोन आहेत, म्हणजे तीन वर्षांची कमाल शिक्षा. त्यातले 18 रंगवले की निम्मी, 12 रंगवले की एक तृतीयांश. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 479 प्रमाणे, खटला न संपता निम्मी मुदत आत काढलेल्याला जामीन मिळायला हवा. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशातच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. आणि मुदत भरली की न्यायालयाकडे अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची आहे. एका आईनं मोबाइलवर बोट ठेवून ते चौकोन मोजले, मग आपल्या मुलाचे महिने मोजले, आणि म्हणाली, "चौदा झाले की." त्या व्हिडिओत एकही माणूस नाही.

पत्रकांचंही तेच. 'घरगुती हिंसा' असं ठळक छापलेला कागद सासरी सापडला तर त्याच कागदापायी मार बसतो. म्हणून आमचं पत्रक बचत गटाच्या हप्त्याच्या कार्डाएवढं आहे. पुढे महिन्यांचे रकाने, मागे दोन नंबर: महिलांसाठी 181 आणि मोफत वकिलासाठी 15100. महिलेला सरकारकडून फुकट वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातली ही गोष्ट फार थोड्या बायकांना ठाऊक असते, म्हणून ती मात्र मोठ्या अक्षरांत.

गेल्या महिन्यात एका बाईंना तयार व्हिडिओ दाखवला. शिलाई मशीनवर चालणारे हात आणि त्यांचा बदललेला आवाज, एवढंच. त्यांनी दोनदा पाहिला. मग पडद्यावरच्या मनगटावर बोट टेकवलं. "ताई, हे गोंदण माझ्या सासूबाईंनीच गोंदवून घेतलंय. त्या लगेच ओळखतील."

दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून त्या पुन्हा मशीनवर बसल्या. तिसऱ्या आठवड्यात मी परत विचारायला गेले, तर म्हणाल्या, "आवाजही नको. तुम्हीच वाचा." आता त्या व्हिडिओत माझा आवाज आहे.